बैठकीला गेले तर माहेर तुटेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझं माहेर जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं, सासर धुळ्यात. वय ४३. वडील गेले, पाठीशी एकच भाऊ. वडिलांची बहीण, आमची फुई, पंचाहत्तरीची आहे. ऐन तारुण्यात विधवा होऊन ती माहेरी परतली. मूलबाळ नाही. आजोबांच्या जमिनीतला साडेतीन एकराचा वाटा तिच्या नावावर होता. त्यातल्या दोन एकराचं बक्षीसपत्र भावाने दोन वर्षांपूर्वी करून घेतलं. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपयेही तिचा अंगठा लावून तोच काढतो. यंदा आखाजीला (अक्षय तृतीयेला) गेले तर फुई मागच्या पत्र्याच्या खोलीत होती. पंखा नाही, दाराला बाहेरून कडी, दंडावर काळानिळा डाग. विचारलं तर म्हणाली, पडले. वहिनी म्हणते, "त्या विसरतात, रस्त्यावर निघून जातात, म्हणून कडी लावावी लागते." मी परत आल्यावर कोणीतरी हेल्पलाइनला फोन केला. कचेरीतली माणसं घरी येऊन गेली, फुईचा अंगठा घेऊन तिच्या सांभाळासाठी अर्ज झाला आणि आता प्रांत (उपविभागीय अधिकारी) कचेरीत समेटाची बैठक आहे. नोटिशीत माझंही नाव आहे. भाऊ म्हणतो, "आलीस तर माहेर विसर." नवरा म्हणतो, नसत्या भानगडीत पडू नकोस. फुई म्हणते, "माले काही नको. मना भाऊना पोऱ्या शे तो." मी जाऊ का? तिला माझ्याकडे आणावं, तर घर दोन खोल्यांचं आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

ताई,

जा. तुमच्या पत्रातला हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. तिथे बसून काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे जास्त अवघड आहे. त्यावर सविस्तर लिहिते.

पण त्याआधी एक गोष्ट बैठकीच्या तारखेपर्यंत थांबू शकत नाही. आखाजी झाली म्हणजे खानदेशात ऊन खरं तापायला लागतं. पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, आणि दुपारी पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं. म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं लवकर कळत नाही. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी आणखी कमी होतं. बाहेरून कडी असेल तर तिला माठापर्यंत जाता येत नाही, लघवीला जाता येत नाही, आणि शॉर्टसर्किट झालं तर बाहेरही पडता येत नाही. हे वाचून झालं की १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन करा. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. अर्ज झालेला आहे, बैठक अमुक तारखेला आहे, पण ती खोली आणि ती कडी आजची आहे, असं सांगा. मारहाण चालू असल्याचं कळलं किंवा ती आतून उत्तर देईनाशी झाली, तर सरळ ११२. गावातल्या आशाताईंना दिवसाआड डोकावून यायला सांगा. बीपी बघायच्या निमित्ताने त्या कोणाच्याही घरात जाऊ शकतात.

आता तुमच्या पत्राबद्दल. चार पानं आहेत. त्यात भावाचं बोलणं आहे, वहिनीचं आहे, नवऱ्याचं आहे, सासूबाईंच्या दुखण्याचीही हकीकत आहे. फुईचं स्वतःचं म्हणणं दीड ओळीचं. तुम्हाला दोष देत नाही, आपल्याकडे असंच होतं. घरातल्या म्हाताऱ्या विधवेबद्दल सगळे बोलतात, तिला विचारतं कोण? पण ही बैठक तिची आहे. भावाला गुन्हेगार ठरवायला ती बोलावलेली नाही, आणि तुम्ही भावाकडच्या की फुईकडच्या हे ठरवायलाही नाही. तिला खायला, प्यायला, औषधाला मिळतं का, ती सुरक्षित आहे का, तिच्या पैशाचं काय होतं आणि तिला स्वतःला काय हवंय, एवढंच तिथे बघायचं आहे.

"माले काही नको" हे ती केव्हा म्हणाली? तुम्हीच लिहिलंय की वहिनी चहा घेऊन उभी होती. ज्या घरात रात्री झोपायचं, त्या घरातल्या माणसांसमोर कोण म्हणेल की मला हवंय? तेव्हा या वाक्याला तिचा निर्णय समजू नका. पण "ती घाबरली आहे, तिला काय कळतंय, आपणच ठरवू" असंही करू नका. पंचाहत्तरीच्या बाईला आपल्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा हक्क आहे, तो तुम्हाला पटला नाही तरी. भाच्याने दोन एकर घेतले तरी मला त्याच्याच दारात मरायचंय, असं ती शुद्धीत, एकटीत, दोनदा विचारल्यावरही म्हणाली, तर त्याचा मान ठेवावा लागेल. मग प्रश्न उरेल तो त्याच दारात तिला पंखा, उघडं दार आणि वेळेवर भाकरी कशी मिळेल हा.

म्हणून बैठकीआधी तिला एकटीला भेटा. दवाखान्याचं निमित्त उत्तम. तिला धुळ्याला घेऊन या, भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. निमित्त म्हणाले, पण तपासणी खरोखर गरजेची आहे. वहिनी म्हणते तसं विसरणं खरं असेल. अशी माणसं घराबाहेर पडून वाट चुकतात, त्यांना सांभाळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, हे मी बघितलेलं आहे. पण विसरण्यामागे थायरॉइड असतो, बी-१२ ची कमतरता असते, लघवीचा संसर्ग असतो, मन खचलेलं असतं. कधी नुसतं ऐकू येत नसतं आणि घरचे म्हणतात तिला कळत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. डॉक्टरांना दंडावरचा डागही दाखवा आणि केसपेपरवर त्याची नोंद करायला सांगा. म्हातारी कातडी साध्या धक्क्यानेही काळीनिळी पडते, त्यामुळे डाग दिसला म्हणजे मारलंच असं धरून चालू नका. तो दंडाच्या आतल्या बाजूला आहे का, बोटांसारखा उमटलाय का, दुसऱ्या हातावरही आहे का, हे डॉक्टर बघतील.

परतीच्या वाटेवर, रिक्षात किंवा एसटी स्टँडवर, तिच्याच बोलीत, अहिराणीत, विचारा. "फुई, तुले काय वाटस?" एवढंच. मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल, तो लागू द्या. "तुला भाऊ मारतो का?" असा प्रश्न करू नका, ती नाहीच म्हणेल. रात्री तहान लागली तर काय करतेस, शेवटची देवळात कधी गेलीस, पासबुक कोणाकडे असतं, गोळ्या कोण देतं, असं विचारा. आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. सांगावं लागेल तेव्हा तुम्ही खोट्या पडाल आणि ती पुन्हा कोणालाच काही सांगणार नाही.

नोटिशीत तुमचं नाव का, याचं कोडं तुम्हाला पडलंय. तुम्हाला वाटतं साक्षीला बोलावलंय. माझा अंदाज वेगळा आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मूल नसलेल्या ज्येष्ठांसाठी 'नातेवाईक' कोण ते सांगतो: जो वारस सज्ञान आहे आणि ज्याच्या ताब्यात त्या ज्येष्ठाची मालमत्ता आहे किंवा पुढे वारशाने येणार आहे, तो. फुईची जमीन तिला तिच्या वडिलांकडून आली. अशी बाई मूलबाळ नसताना आणि मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ती जमीन तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. तुमचे वडील नाहीत. म्हणजे तिच्या नावावर राहिलेल्या दीड एकरात भाऊ आणि तुम्ही, दोघं सारखेच वारस. आणि एकाहून जास्त नातेवाईक असले, तर ज्याला जेवढं मिळणार त्या प्रमाणात त्याने खर्चाचा भार उचलावा, असंही हा कायदा सांगतो. तेव्हा "मी फक्त सांगायला आले" असं म्हणून खुर्चीच्या टोकावर बसता येणार नाही. तुमच्याकडून काय होऊ शकतं, हेही कदाचित विचारतील. महिन्याला पाचशे, हजार, जे झेपेल ते नवऱ्याशी बोलून आधी ठरवा. आकडा छोटा असला तरी खरा असू द्या. "नसती भानगड" म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांनाही हा परिच्छेद वाचायला द्या.

कारभार कसा चालतो तेही सांगते, म्हणजे कचेरीची पायरी चढताना पाय लटपटणार नाहीत. या कायद्याखालचं न्यायाधिकरण प्रांतांच्या अध्यक्षतेखाली चालतं. प्रांत सुनावणीआधी प्रकरण समेटासाठी पाठवू शकतात, आणि समेट घडवणाऱ्याने महिनाभरात अहवाल द्यायचा असतो. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अपेक्षित आहे, फार तर आणखी ३० दिवस. तोपर्यंत अंतरिम खर्चही मागता येतो. निर्वाहाची रक्कम महिना १०,००० रुपयांपर्यंत. मूळ कायद्यात वकिलाला मज्जाव आहे. त्यावर काही उच्च न्यायालयांचे निराळे निर्णय आहेत, पण समेटाच्या टेबलावर तुम्हाला वकिलाची गरज पडणार नाही. सल्ला हवाच असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. फोन १५१००.

बक्षीसपत्राबद्दल तुम्ही दोन ओळीत उरकलंय, पण ते महत्त्वाचं आहे. २००७ च्या कायद्यानंतर झालेलं बक्षीसपत्र, त्यात सांभाळ करण्याची अट असेल आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते रद्द होऊ शकतं. कलम २३. अट कागदावर नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अट असल्याचं दिसलं पाहिजे असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा म्हाताऱ्यांच्या हितासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावा, असं सांगून आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. त्या प्रकरणात सांभाळाची हमी निराळ्या कागदावर लिहिलेली होती. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची नक्कल काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. मात्र ती नक्कल बैठकीत टेबलावर आपटायची घाई करू नका. जमीन परत मागायची की नाही हे फुईने ठरवायचं. तुम्ही ती मागणी केलीत, तर भाऊ पहिल्याच मिनिटाला म्हणेल की हिचा डोळा जमिनीवर आहे. आणि वारस म्हणून तुमचं नाव असताना ऐकणाऱ्यांना ते खरंही वाटेल.

बैठकीत बोलायचं ते एका कागदावर लिहून न्या. तारीख, वेळ, काय पाहिलं. "आखाजीच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत पंखा नव्हता. माठ रिकामा होता. डाव्या दंडावर डाग होता." हे तुम्ही पाहिलेलं. "शेजारीण म्हणाली की रोज ओरडण्याचा आवाज येतो", हे ऐकलेलं. ते सांगायचं असेल तर ऐकलेलं आहे असं म्हणून सांगा. "भाऊ जमिनीसाठी तिला मारून टाकणार आहे", हा अंदाज. तो घरी ठेवा. (रिकाम्या माठाची ओळ तुमच्या पत्रात ओझरती आली आहे. त्याच दिवशी त्याच घरात पितरांच्या नावाने घागर भरली असेल. मला दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही.) भाऊ मध्ये बोलेल, चिडेल, जुनी उणीदुणी काढेल, तुमच्या लग्नातल्या खर्चावरही येईल. उत्तर देऊ नका. "माझं म्हणणं पूर्ण करते" असं अधिकाऱ्याकडे बघून म्हणा. आणि तुमचं बोलून झाल्यावर एक मागणी नक्की करा: फुईशी अधिकाऱ्यांनी पाच मिनिटं एकटीशी बोलावं, घरचं कोणी तिथे नको, तुम्हीही नको. तिला अहिराणीत बोलता येऊ द्या. कचेरीच्या मराठीत ती "हो साहेब"च म्हणेल.

भावाशी आधी बोलावं का? एरवी मी म्हणाले असते, जरूर बोला. इथे तराजू थोडा वेगळा आहे. तुमच्या फोनचा राग तिच्यावर निघेल असं वाटत असेल तर बोलू नका. तसं वाटत नसेल तर बैठकीच्या आदल्या दिवशी एकच फोन. "दादा, मला नोटीस आली आहे, मी येणार आहे. पाहिलं तेवढंच सांगेन. तुझ्या अडचणी काय आहेत त्या तूही सांग." पुढचा वाद ऐकून घेऊ नका. अर्ज करायला लावणारा फोन कोणी केला हे तो तुमच्याकडून काढू बघेल. माहीत असलं तरी सांगू नका. गावात त्या माणसाला त्याच गल्लीत राहायचंय.

त्याच्या अडचणी खऱ्या असतीलही. कपाशीचा खर्च आणि बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, पोरांच्या फिया. आणि तुमची वहिनी. फुईचं हगणं-मुतणं, आंघोळ, जेवण हे सगळं त्या घरात तीच करते, भाऊ करत नाही. तुम्हीही वर्षातून आखाजी-दिवाळीला जाता. तिला विश्रांती कोण देतं? यामुळे बाहेरची कडी माफ होत नाही. पण बैठकीत "वहिनीला काय मदत लागेल?" हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारलात, तर बोलण्याचा सूर बदलण्याची शक्यता आहे. नाही बदलला तरी तो विचारण्यासारखाच प्रश्न आहे.

फुईने राहावं कुठे, हे बैठकीत निघेलच. तुमच्याकडे कायमचं आणणं तूर्त शक्य नाही असं मला तुमच्या पत्रावरून दिसतंय, आणि ते तसंच सांगायला लाजू नका. अपराधी वाटून "मी नेते" म्हणाल आणि दोन महिन्यांत परत सोडाल, तर तिचे आणखी हाल. उन्हाळ्यातला एक महिना नेणं जमेल का, ते बघा. वृद्धाश्रम हा शब्द गावात शिवीसारखा घेतला जातो, पण चांगली जागा असेल आणि तिला जायचं असेल तर त्यात कोणाची अब्रू जात नाही. मला स्वतःला तिचा तो दीड एकर जास्त महत्त्वाचा वाटतो. तो बटाईने दिला, येणारं उत्पन्न आणि श्रावणबाळचे पैसे तिच्याच खात्यात राहिले, आणि त्यातून गावातलीच एखादी बाई सकाळ-संध्याकाळ दोन तास तिच्यासाठी लावली, तर ती आपल्या गावात, आपल्या घरात राहू शकते आणि वहिनीचाही भार हलका होतो. पासबुक तिच्याजवळ, पैसे काढताना भावाशिवाय दुसरं कोणी सोबत. भाऊ याला तयार होईल का? कचेरीत, कागदावर, कदाचित होईल.

समेट झाला तर शब्दावर सोडू नका. "सांभाळ नीट करीन" याला काही अर्थ नाही. पुढच्या खोलीत खाट, पंखा, बाहेरून कडी नाही, महिन्याला दवाखाना, पासबुक कोणाकडे, तुमचे पैसे कोणत्या तारखेला, आणि महिन्याने बघायला कोण येणार, हे लिहून घ्या. समेटाप्रमाणे न्यायाधिकरणाचा आदेश निघतो. खर्चाचा आदेश कोणी पाळला नाही तर वसुलीचं वॉरंट आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा आदेशाची प्रत मागा. न वाचता सही नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच. फुईचा अंगठा घेण्याआधी तो मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आणि उठण्याआधी विचारा, "आज रात्री ती कुठे झोपणार आणि उद्या सकाळी तिला फोन कोण करणार?" अशा बैठकीनंतरची पहिली रात्र सगळ्यात नाजूक असते. तिला त्या घरात धोका आहे असं तुम्हाला किंवा तिला वाटत असेल, तर तिथेच स्पष्ट बोला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडेही जाता येतं. तो कायदा फक्त सुनांसाठी नाही, एका घरात राहणाऱ्या आत्येलाही लागू होतो.

असंच पण थोडं निराळं विचारणारी दोन पत्रं याच महिन्यात आली, म्हणून इथेच लिहिते. आईवडिलांच्या पश्चात बौद्धिक दिव्यांग भावाची मालमत्ता कोणी लाटू नये म्हणून काय करावं? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. अठरा वर्षांवरच्या अशा व्यक्तीसाठी ती पालक नेमते, आणि त्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व नंतर दर वर्षी हिशोब द्यावा लागतो. त्या समितीपुढे जायचं असेल तर वर लिहिलेलंच करा: पाहिलेलं लिहून न्या, आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याला सोबत न्या. दुसरं पत्र नंदुरबारकडचं, सातपुड्यातल्या एका पाड्यावर एकट्या राहणाऱ्या बाईला डाकीण ठरवलं जातंय. तिथे समेट नाही, पंच नाहीत, गावबैठक तर मुळीच नाही. आधी तिला तिथून सुरक्षित हलवा आणि पोलीस ठाण्यात जा. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

ताई, माहेराबद्दल खोटा दिलासा देत नाही. पुढच्या आखाजीला बोलावणं बहुधा येणार नाही. कदाचित दोन-तीन वर्षं येणार नाही. भावाचा राग पोरांच्या लग्नांपर्यंत टिकतो किंवा एखाद्या आजारपणात अचानक विरतो, आधी सांगता येत नाही. पण तुमच्या माहेरात भाऊ एकटा नाही. ज्या बाईने त्या घरात पन्नास वर्षं काढली, जिने तुमच्या वेण्या घातल्या असं तुम्हीच लिहिलंय, ती अजून तिथेच आहे. भावाने दार लावलं तरी तिला भेटायला जायचा तुमचा रस्ता तो अडवू शकत नाही. समेटाच्या कागदात तेही एक कलम घालून घ्या: महिन्यातून एकदा तुम्ही तिला भेटणार, अमुक वारी, आणि तेव्हा तिच्याशी एकटीने बोलणार.

बैठकीच्या दिवशी तुमची तब्येत बिघडली किंवा घरून निघताच आलं नाही, तर गैरहजर राहून गप्प बसू नका. कागदावर लिहिलेलं सहीनिशी कचेरीत द्या, एका प्रतीवर पोच घ्या आणि पुढची तारीख लेखी मागा.